मुथूट फायनान्सचे एनसीडी: चांगले आहेत, पण एफडी समजून घेऊ नका

मुथूट फायनान्स या सोनं गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या कंपनीच्या एनसीडीचा (नॉन-कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे कंपनीचे बाँड) नवीन ट्रान्च, म्हणजे विक्रीचा पुढचा टप्पा, आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो, "सोनं तारण आहे, बँकेपेक्षा जास्त व्याज, लवकर भरा, पहिल्या दिवशीच संपतंय". मग दोन-चार काका-काकू मला पर्सनलवर विचारतात, घेऊ का गं. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. गेली काही वर्षं मी स्वतःच्या आणि आईच्या नावावर हे एनसीडी घेतेय, त्यामुळे वापरून मग लिहितेय असं समजा.

आधी हे काय आहे ते. कंपनी आपल्याकडून कर्ज घेते, ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेलं व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल परत. एका बाँडची दर्शनी किंमत १००० रुपये, कमीत कमी १० घ्यायचे, म्हणजे १० हजारांपासून सुरुवात. बाँड डीमॅटला जमा होतात आणि बीएसईवर लिस्ट होतात. बास, एवढंच. शेअरमध्ये रूपांतर होत नाही, कंपनीला तुफान नफा झाला म्हणून आपल्याला एक पैसा जास्त मिळणार नाही.

मग एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या दहा-वीस हजारांची गरज काय, हा प्रश्न मला आईनेच विचारला होता आणि तो अगदी बरोबर आहे. मार्च २०२५ ला मुथूटने वाटलेली कर्जं एक लाख कोटींच्या पुढे गेली होती. पण ही बँक नाही, हिच्याकडे आपल्यासारख्यांची सेव्हिंग खाती नाहीत, त्यामुळे सोनं गहाण ठेवायला आलेल्या माणसाला द्यायचा पैसा हिला बाहेरूनच आणावा लागतो, थोडा बँकांकडून, थोडा मोठ्या संस्थांना बाँड विकून, आणि थोडा आपल्याकडून. पूर्वी गोल्ड लोनवाल्या कंपन्या सरळ आपल्या शाखांच्या काउंटरवरून डिबेंचर विकायच्या. जून २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रायव्हेट प्लेसमेंटला (जाहीर इश्यू न काढता निवडक लोकांना बाँड विकणं) ४९ गुंतवणूकदारांची मर्यादा घातली आणि तो रस्ता बंद झाला, म्हणून मग सेबीच्या नियमाने पब्लिक इश्यू, प्रॉस्पेक्टस (इश्यूचं माहितीपत्रक), रेटिंग, लिस्टिंग असं सगळं रीतसर करून यावं लागायला लागलं. माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने हा फार चांगला बदल झाला, कारण काउंटरवरच्या कागदावर काय लिहिलंय ते तेव्हा कोण बघत होतं! नंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा कंपन्यांना कर्ज देणं महाग केलं (ते २०२५ मध्ये मागे घेतलं), तेव्हा तर सगळ्याच एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या) बाँडकडे वळल्या. सांगायचं एवढंच की कंपनी बाँड काढतेय म्हणजे अडचणीत आहे असं नसतं, पैसा आणणं हा तिच्या रोजच्या धंद्याचाच भाग आहे.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "सोनं तारण आहे" हे वाक्य. एका ब्रोकरच्या माणसाने आईला फोनवर अगदी हेच सांगितलं होतं, "काकू, तुमच्या पैशापाठी सोनं आहे, एफडीसारखंच समजा". अहो नाही! शाखेच्या तिजोरीतलं सोनं हे गहाण ठेवणाऱ्या माणसाचं आहे, कर्ज फेडलं की तो ते घरी घेऊन जाणार. आपल्या एनसीडीला तारण काय असतं, तर कंपनीची येणी. म्हणजे कर्जदारांकडून कंपनीला जे पैसे यायचे आहेत त्यावर आपला हक्क, आणि तोही एकट्याचा नाही, बँका आणि बाकीचे बाँडवाले यांच्या बरोबरीने. प्रॉस्पेक्टसमध्ये "परी पासू" असा शब्द दिसेल तो हाच. ही येणी चांगली आहेत का? हो, चांगली आहेत, कारण त्यांच्यामागे खरंच सोनं आहे आणि कर्ज बुडलं तर सोन्याचा लिलाव करून वसुली होते, घराच्या कर्जासारखी वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही. म्हणून मला हा धंदा समजतो आणि म्हणूनच मी घेते. पण "तुमच्या पैशापाठी सोनं" हे सांगणं चूक आहे आणि सत्तरीच्या बाईला असं सांगून विकणं मला अजिबात पटलेलं नाही.

बँकेच्या एफडीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही. "सिक्युअर्ड" (तारण असलेला) शब्दावर विसंबून राहणाऱ्यांनी डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी आठवावी. २०१६ मध्ये त्यांचा एनसीडी इश्यू पहिल्याच दिवशी कितीतरी पट भरला होता, रेटिंग ट्रिपल ए म्हणजे सगळ्यात वरचं, बाँड सिक्युअर्ड, ट्रस्टी कंपनी (बाँडवाल्यांच्या वतीने तारणावर लक्ष ठेवणारी) म्हणजे कॅटॅलिस्ट ट्रस्टीशिप, जिचं ऑफिस आपल्या पुण्यातच कोथरूडला आहे, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित. २०१९ च्या फेब्रुवारीत रेटिंग थोडं खाली आलं आणि जूनमध्ये थेट डिफॉल्ट, म्हणजे पैसे थकले. शेवटी २०२१ मध्ये पिरामल ग्रुपने साधारण ३४ हजार कोटींत कंपनी घेतली, आणि ज्यांचे पैसे अडकले होते त्यांचे दावे होते ८७ हजार कोटींच्या आसपास. बाकीचा हिशोब तुम्हीच करा. त्याआधी आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीचंही तसंच, बीकेसीत मोठी बिल्डिंग, ट्रिपल ए रेटिंग आणि २०१८ मध्ये सगळं कोसळलं. मुथूट तशी आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, २०१३ मध्ये सोनं एकदम पडलं तेव्हाही ही कंपनी उभी राहिली. पण रेटिंग म्हणजे आजचं मत असतं, पाच वर्षांची हमी नसते हे डोक्यात पक्कं ठेवा.

सोनं पडलं तर काय, हा पुढचा प्रश्न. गहाण सोन्याच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं हे रिझर्व्ह बँक ठरवते. २०१२ मध्ये ही मर्यादा ६० टक्के केली होती, जानेवारी २०१४ मध्ये ७५ केली. म्हणजे सोनं वीस टक्के पडलं तरी मुद्दल साधारण सुटतं, आणि घरचे दागिने सोडवायला माणूस धडपडतोच, मंगळसूत्र लिलावात जाऊ द्यायला कोण तयार होईल. आता १ एप्रिल २०२६ पासून लहान कर्जांना ही मर्यादा वाढवलीय, अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०. कर्जदाराला बरं आहे, पण बाँडवाल्याच्या बाजूने बघितलं तर मधली गादी थोडी पातळ झाली, त्यात सोनं आत्ता एवढं वर चढलेलं. म्हणून मी लांबच्या मुदतीला हात लावत नाही.

आणि दुसरा धोका म्हणजे स्वतः रिझर्व्ह बँक. मार्च २०२४ मध्ये तिने आयआयएफएल फायनान्स या दुसऱ्या गोल्ड लोनवाल्या कंपनीला नवीन गोल्ड लोन द्यायला बंदी केली होती, सोन्याची शुद्धता आणि वजन तपासण्यात त्रुटी सापडल्या म्हणून, ती उठली सप्टेंबरमध्ये. म्हणजे चालती कंपनी सहा महिने मुख्य धंद्याला बंद. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं हे धरून चालायचं.

अजून एक, आणि हे ज्येष्ठांनी तर वाचाच. नाव नीट बघा!! मुथूट फायनान्स वेगळी, कोचीची, लाल हत्तींवाली. मुथूट फिनकॉर्प वेगळी, तिरुवनंतपुरमची, वेगळ्या ग्रुपची. मुथूट मिनी अजून वेगळी. तिघीही एनसीडी काढतात, तिघींची रेटिंग आणि आकार वेगळे आणि म्हणूनच व्याजही वेगळं. एखाद्याला एक-दीड टक्का जास्त दिसलं की "अरे मुथूटच तर आहे" म्हणून भरून मोकळं होतात. जास्त व्याज आहे म्हणजे जोखीम जास्त आहे, कंपनी दानधर्म करत नाहीये.

घ्यायची प्रोसेस सोपी आहे. ब्रोकरच्या अॅपमध्ये बाँड किंवा एनसीडीचा सेक्शन असतो, सिरीज (मुदत आणि व्याज कसं मिळणार याचा पर्याय) निवडायची, संख्या टाकायची, ५ लाखांपर्यंत यूपीआयने होतं, मॅन्डेट (पैसे कापायची परवानगी) मान्य करायचं. पैसे खात्यातच ब्लॉक होतात, मिळाले बाँड तर कापले जातात. वाटप जो आधी येईल त्याला आधी असं असतं, त्यामुळे इश्यूची शेवटची तारीख बघत बसू नका, भरला की लवकर बंद करतात. सिरीज निवडताना मात्र लोक फार गोंधळतात. मासिक व्याज, वार्षिक व्याज, शेवटी एकदम, आणि "डबल" असे पर्याय असतात. डबल या शब्दावर भुलू नका, आठ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ९ टक्के, नऊ वर्षांत दुप्पट म्हणजे ८ टक्के. आधी हा हिशोब करायचा मग ठरवायचं.

व्याज जमा होण्याचा माझा अनुभव एकदम छान आहे. डीमॅटला जोडलेल्या खात्यात ठरल्या तारखेला येतं, कुणाला फोन नाही की फॉर्म नाही. आईचं मासिक आहे, महिन्याला तिचा मेसेज वाजला की ती पासबुकवर पेन्सिलने बारीक टिक करते आणि वहीत तारीख लिहिते, अजून तिला खाडाखोड करावी लागलेली नाही.

विकायला जाल तेव्हा मात्र खरी गंमत संपते. लिस्टेड आहे म्हणजे केव्हाही विकता येईल असं सांगतात, पण प्रत्येक सिरीजचा कोड वेगळा आणि बऱ्याच सिरीजमध्ये दिवसदिवस सौदाच होत नाही. मी एकदा एका सिरीजचा भाव उघडून बघितला, घेणाऱ्याचा भाव ९९० आणि विकणाऱ्याचा १०२५, मध्ये कुणीच नाही. तातडीने पैसे हवे असतील तर पडेल त्या भावाला विकावं लागणार. आणि एक्स्चेंजवर दिसणाऱ्या भावात साठलेलं व्याज धरलेलं असतं, रेकॉर्ड डेट (व्याज कुणाला मिळणार ते ठरण्याची तारीख) गेली की भाव तेवढा खाली येतो, तेव्हा "बाँड पडला" म्हणून घाबरू नका आणि रेकॉर्ड डेटच्या आधी चढ्या भावाने घेऊन खूशही होऊ नका.

टॅक्सचं सांगते. व्याज पूर्ण तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर साडेआठ टक्के व्याजाचे सेस धरून हातात पावणेसहाच्या जरा वर उरतात, मग एवढी जोखीम कशाला असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पूर्वी लिस्टेड डीमॅट एनसीडीवर टीडीएस कापत नव्हते, एप्रिल २०२३ पासून १० टक्के कापतात. ज्येष्ठांचं उत्पन्न करपात्र नसेल तर टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म (पूर्वीचा १५एच) वेळेत भरा, आईचा मीच एप्रिलमध्ये भरून टाकते.

कुणी घ्यावं? ज्येष्ठांनी आधी पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम भरावी, ८.२ टक्के, सरकारची हमी, ३० लाखांपर्यंत. ती भरल्यावर उरलेल्यातला छोटा भाग इथे टाकायला हरकत नाही. आमच्या घरी नियम असा आहे की कुठल्याही एका कंपनीत एकूण बचतीच्या पाच टक्क्यांच्या वर जायचं नाही, मग कंपनी कितीही आवडो. तरुण मंडळी, तुमचा इमर्जन्सी फंड इथे ठेवू नका, वर भावाचं सांगितलंच.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो विकायच्या अडचणीसाठी, कंपनीबद्दल तक्रार नाही. पुढचा ट्रान्च आला की व्याजदर बघून तीन वर्षांचा वार्षिक पर्याय माझ्यासाठी आणि मासिक आईसाठी घेईन, पाच वर्षं आणि डबल दोन्ही सोडून देणार.