जाई की जुई? पान बघा

जाई-जुई ही नावं आपण इतकी जोडीने घेतो की नर्सरीतही एकीच्या जागी दुसरी गळ्यात पडते. माझ्याकडे तसंच झालं. जुई म्हणून आणलेल्या वेलाला जाई लागली, आणि कळायला अख्खा पावसाळा गेला. खरं तर फुलाची वाट बघायची गरजच नव्हती.

जाईचं पान संयुक्त असतं. एकाच देठावर समोरासमोर पर्णिका, म्हणजे छोटी पानं, बहुधा सात, कधी पाच, कधी नऊ, आणि टोकाची सगळ्यांत मोठी. जुईचं मुख्य पान एकच, गोलसर. त्याच्या बुडाशी दोन इवल्या पर्णिका, अगदी कानासारख्या. काही पानांना त्या नसतातही. जुईच्या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलेटम’ म्हणजे कान असलेली. हे एकदा कळलं की विसरणं अशक्य.

फुलांत जाई मोठी, पाच पाकळ्यांची. तिच्या कळीवर बाहेरून गुलाबी-जांभळट झाक असते. जुईची कळी नखाएवढी, पांढरीशुभ्र, आणि फुलं झुपक्यांनी. वास दोघींचा गोड, पण मला जुईचा जास्त हळवा वाटतो. गजऱ्यालाही मी तीच निवडेन, वेचायला कितीही वेळ लागो.

सह्याद्रीत मार्च ते मे दरम्यान जी ‘रानजाई’ दाखवतात, ती बहुतेकदा कुसर असते. तिला रानमोगराही म्हणतात. साधं रुंद पान आणि पाचाहून जास्त अरुंद पाकळ्या दिसल्या, तर ती या दोघींपैकी कुणीच नाही.