‘पंप गेला’ म्हणत जुनंच युनिट गळ्यात मारलं

अक्कलकुवा-धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यावर चालणाऱ्या एका बोटमालकाची ही फसवणूक. आऊटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनचं, टिल्टचं (इंजिन तिरकं वर उचलायचं) बटण दाबलं की पंपाच्या मोटारीचा आवाज यायचा, पण मशीन वर उचलत नव्हतं. फिटर म्हणाला, पंप गेला, अख्खं युनिट बदला. जुनं युनिट तो घेऊन गेला आणि ‘नवं’ म्हणून रंग मारलेलं जुनं बसवलं. पंधरा दिवसांत त्यातलं तेल दुधाळ झालं, म्हणजे मशीन उचलणाऱ्या रॉडच्या सीलमधून पाणी शिरत होतं.

मुळात बिघाड नव्हताच. मोटार फिरते तेव्हा तिला वीज मिळतेय हे उघड आहे, म्हणून आधी मशीन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या बाजूचा मॅन्युअल रिलीज स्क्रू पाहायचा. बॅटरी उतरली तर मशीन हाताने उचलता यावं यासाठी तो असतो. तो सैल असला की पंपाने पिस्टनखाली ढकललेलं तेल तिथे टिकतच नाही, दाब बसत नाही. बोट काठावर ओढताना तो सैल केला होता आणि आवळायचा राहिला होता. स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने फिरवून बसवला असता तर संपलं असतं. फिटरला हे माहीत नसेल, हे पटण्यासारखं नाही.

स्क्रू घट्ट असूनही उचलत नसेल तर युनिटमधलं तेल बघा. तोच स्क्रू सैल करून मशीन हाताने पूर्ण वर घ्या, टिल्ट लॉक (मशीन वर अडकवून ठेवणारा खटका) लावा, स्क्रू परत आवळा आणि मगच युनिटच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. खाली असताना उघडलं तर दाबाने तेल अंगावर उडतं. तेल भोकाच्या काठापर्यंत हवं. बहुतेक मशीनला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) लागतं, तरी पुस्तिका बघा. तेल घातल्यावर चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा निघते. मग पातळी परत तपासा.

आवाजच येत नसेल तर फ्यूज, बॅटरीची टोकं आणि रिले (बटण दाबल्यावर मोटारीला वीज जोडणारा स्विच) बघा. मोटारीच्या दोन जाड वायरी सोडवून थेट १२ व्होल्ट द्या. मोटार फिरली तर ती चांगली आहे, दोष मागच्या वायरिंगमध्ये किंवा रिलेत.

युनिट बदलायची वेळ आलीच तर बोल्टच्या खाचांत रंग साचलाय का ते पाहा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, आणि जुनं युनिट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. या मालकाकडे तेही उरलं नाही, त्यामुळे पंप चांगला होता हे दाखवायला काहीच राहिलं नाही.