‘मपलं’ तसेच ठेवणारे अक्षरजुळणीचे दुकान

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानांमागे एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर, सासरे आणि सून मिळून चालवतात असे अक्षरजुळणीचे एक छोटे दुकान आहे. गेल्या दोन महिन्यांत मी माझ्या अकरा कथांचे हस्तलिखित तिथे टंकित करून घेतले आणि त्या अनुभवाविषयी हे लिहीत आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण हाती असलेलेच काम दोघांना पुरेसे आहे आणि नाव छापू नये, असे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले आहे. तरीही लिहावेसे वाटते, कारण बोलीत लिहिणाऱ्या माणसाला अक्षरजुळणीच्या कामात नेमके काय मागावे, हे मला याच दुकानात समजले.

मी कथा हाताने लिहिते. ज्या दिवशी नळाला पाणी येणार असते त्या दिवशी पहाटे उठावेच लागते. भांडी भरून झाली की घर जागे होईपर्यंत दीड-दोन तास मिळतात आणि माझे बहुतेक लेखन त्या वेळात झालेले आहे. बाकीचे दिवस शब्द गोळा करण्यात जातात. माझे माहेर गंगाखेडजवळ, गोदाकाठचे. तिकडे जाताना एसटीत शेजारी बसलेल्या बायका जे बोलतात त्यातला एखादा शब्द मी तिकिटाच्या पाठीवर टिपून ठेवते. ‘आवंदा’ (यंदा), ‘कामून’ (का), ‘कव्हर’ (कुठवर), ‘येळवस’ (वेळ अमावास्या) असे शब्द मला लहानपणापासून ठाऊक असले, तरी ते कोणत्या वाक्यात, कोणत्या रागात किंवा कोणत्या लाडात येतात, हे पुन्हा ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही. फोनमध्ये बोलून लिहिण्याची सोय मी करून पाहिली. मी ‘व्हय’ म्हणाले की पडद्यावर ‘होय’ उमटत असे, आणि एका पानाच्या दुरुस्तीला पान लिहिण्यापेक्षा अधिक वेळ लागत असे. त्यामुळे माझे लिखाण दुसऱ्या कोणाच्या तरी हातून टंकित होणे अपरिहार्य आहे आणि त्या हातावर माझ्या पात्रांचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

किती अवलंबून आहे, ते काही वर्षांपूर्वी एका कथेच्या वेळी कळले. कथेतल्या म्हातारीचे तीन मुलगे माळवदाचे घर वाटून घ्यायला बसलेले असतात. त्या घराची मागची खोली तिने स्वतःच्या मजुरीच्या पैशातून बांधलेली असते. जन्मभर प्रत्येक गोष्टीला ‘आपलं’ म्हणत आलेली ही बाई शेवटच्या पानावर प्रथमच म्हणते, “ह्ये मपलं हाय. तुमचं कोणाचंबी न्हाई.” ‘मपलं’ म्हणजे माझे स्वतःचे. परभणी-बीडकडच्या बोलीत ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ हे शब्द रोजचे आहेत. ती कथा मी तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी टंकित करून घेतली होती. तिथल्या मुलाला तो शब्द चुकीचा वाटला, त्याने तो ‘आपलं’ असा सुधारला, पुढचे वाक्यही जोडीने नीट केले आणि अंकाच्या घाईत माझ्या नजरेतून ते सुटले. एका अक्षराच्या बदलाने म्हातारीचा हक्क निघून गेला आणि तिच्या तोंडी एकोप्याचा उपदेश आला. कथा प्रसिद्ध झाल्यावर एका वाचकाचे पत्र आले. आजीने अखेरीस सगळ्यांना एकत्र आणले, हे फार आवडले, असे त्यात मनापासून लिहिलेले होते. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्या वाचकाची त्यात काहीही चूक नव्हती. त्याच्यापर्यंत माझी म्हातारी पोहोचलीच नव्हती.

म्हणून या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा दर विचारण्याआधी मी तीच कथा पुढे ठेवली. दुकानातील सासरे, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, तरुणपणी छापखान्यात जुळारी होते. लाकडी केसमधून एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, उचलून, तो उलटा वाचत, ओळ जुळवण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केले आणि खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले तसे ते संगणकाकडे वळले. खिळा जुळवणाऱ्याला शब्दाचा अंदाज बांधून पुढे जाता येत नाही, त्याला प्रत्येक अक्षर हाताने उचलावे लागते. ती सवय त्यांच्या डोळ्यांत अजून आहे, असे मला पहिल्याच भेटीत वाटले. त्यांनी उभ्या उभ्या एक पान वाचले, ‘आवंदा’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, असे शब्द असतील तिथं खाली टिंबं देत चला. आम्ही हात लावणार न्हाई.” शब्दाखाली टिंबांची रेघ म्हणजे ‘आहे तसे राहू द्या’ ही मुद्रितशोधनातली खूण मला पुस्तकातून माहीत होती, परंतु हस्तलिखित देतानाच ती वापरावी, हे मला कधी सुचले नव्हते. त्या रात्री मी सगळ्या पानांवर पेन्सिलीने टिंबे दिली. सातव्या कथेपर्यंत आल्यावर लक्षात आले की, संवादातला जवळजवळ प्रत्येक शब्द टिंबांवर उभा आहे. तसे भाऊंना सांगितल्यावर, अवतरणचिन्हांच्या आत काहीही बदलायचे नाही, असा सरळ करार आमच्यात झाला.

हा करार वाटतो तितका सोपा नाही. मराठवाड्यात ‘मी जायलो’, ‘ती करायली’ ही रूपे चालू क्रियेसाठी वापरली जातात. ज्याच्या कानावर ती पडलेली नाहीत त्याला वाक्य अर्धवट वाटते, आणि तो ‘जायला लागलो’ असे लिहून मोकळा होतो. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता १९६२ साली मिळाली, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली, आणि पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तर ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी उच्चारानुसारी रूपे लिहिण्याला त्या नियमांतच जागा आहे. तरीही आपल्याकडे शुद्धलेखनाचा धाक असा बसला आहे की, टंकलेखकाला ‘न्हाई’ दिसले की हात आपोआप ‘नाही’कडे वळतो. या दुकानात दोन्ही गोष्टी एकाच पानावर नीट सांभाळल्या जातात, याचे मला विशेष मोल वाटते. निवेदनात माझ्याकडून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या होत्या, त्या सूनबाईंनी न विचारता दुरुस्त केल्या आणि त्याच परिच्छेदातील संवादाला स्पर्शही केला नाही.

त्यांच्या कामाचा गाभा मात्र वाचनात आहे. पान टंकित झाले की भाऊ हस्तलिखित हातात घेऊन मोठ्याने वाचतात आणि सूनबाई पडद्यावर अक्षरन् अक्षर ताडून पाहतात. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद हे सगळे भाऊ उच्चारतात. जुन्या छापखान्यांत मुद्रितशोधक आणि त्याला वाचून दाखवणारा अशी जोडी असे, तीच ही पद्धत. एका दुपारी मी बाकावर बसून ते ऐकत होते. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, अभिनयाशिवाय, विरामचिन्हांसह ऐकताना ते कुठे लांबले आहे, ते फार स्वच्छ कळते. मी तिथेच तीन वाक्ये तोडली. आणि त्याच वाचनात भाऊ एका ठिकाणी थांबले. “ताई, बारा नंबरच्या पानावर ही ‘न्हाई’ म्हणती, इथं ‘नाही’ म्हणायली. कोणतं ठिवायचं?”

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी त्या बाईचे सगळे बोलणे पुन्हा तपासले. सात ठिकाणी तिने ‘नाही’ म्हटलेले होते. त्यांपैकी चार ठिकाणी समोर तलाठी किंवा बँकेतला साहेब होता. अशा माणसापुढे आमच्याकडची बाई पदर सावरते तशी भाषाही सावरते, आणि लिहिताना ते माझ्या हातून आपोआप घडले होते. उरलेल्या तीन ठिकाणी मात्र ती जावेशी बोलत होती आणि तिथे ‘नाही’ येणे ही निव्वळ माझी बेफिकिरी होती. चार ठेवले, तीन बदलले. कथा माझ्या नजरेखालून किमान सहा वेळा गेली असेल, पण एखादी व्यक्ती कोणासमोर कशी बोलते, या दृष्टीने मी ती कधी वाचली नव्हती. लेखिकेने स्वतःला विचारायचा प्रश्न मला अक्षरजुळणीच्या दुकानात विचारला गेला आणि तोही पानाच्या दरातच.

तांत्रिक बाजूबद्दल थोडे. माझ्या जुन्या पाच कथा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील फाइलमध्ये होत्या आणि आता बहुतेक संपादक युनिकोडमधील, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारा, मजकूर मागतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार दुसऱ्याच अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्याचे रूपांतर यंत्राने होते खरे, पण पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे जोडाक्षर आले की वेलांटी कधीकधी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. ‘पऱ्हाटी’, ‘गाऱ्हाणं’ अशा शब्दांतला अर्धा र हा आणखी एक अडथळा, कारण तो वेगळ्या ‘ऱ’ने लिहिला नाही तर त्याचा रफार होतो आणि ‘पर्हाटी’ असे विद्रूप अक्षर उमटते. कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाच्या कथेत पऱ्हाटी पानोपानी येणार. सूनबाईंनी यंत्राने रूपांतर केल्यावर पाचही कथा मुळाशी पुन्हा ताडून पाहिल्या आणि त्याचे वेगळे पैसे सुरुवातीलाच सांगून घेतले. मला तो व्यवहार स्वच्छ वाटला.

आता उणिवा. काम संथ चालते. मला तीन आठवडे सांगितले होते, प्रत्यक्षात आठ लागले, आणि दिवाळी अंकासाठी द्यायची एक कथा वेळेत जावी म्हणून मला ती मधूनच परत आणावी लागली. घाईचे काम असेल तर या दुकानात जाऊ नये, असेच मी सांगेन. दुसरी गोष्ट, एका कथेत लागोपाठचे दोन परिच्छेद ‘आजी’ या शब्दानेच सुरू होत होते आणि टंकताना नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेल्याने मधल्या चार ओळी गळाल्या. त्या दिवशी वीज गेल्यामुळे नेमके त्या पानाचे वाचन राहून गेले होते. दुसऱ्या प्रुफात मला ते सापडले, त्यांनी लगेच भरून दिले आणि भाऊंना त्याचे माझ्यापेक्षा अधिक वाईट वाटले. पण ज्या वाचनासाठी आपण त्यांच्याकडे जातो ते एखाद्या पानापुरतेही राहता कामा नये, हे मी त्यांना सांगितले आणि इथेही नोंदवते. तिसरी अडचण पानांच्या मांडणीची. मुखपृष्ठ, चित्रे, सजावट यांपैकी काहीही ते करत नाहीत, आणि अक्षराचा आकार व ओळींमधले अंतर यांबाबत भाऊंची मते इतकी पक्की आहेत की, मला हवी होती तेवढी मोकळी जागा मिळवायला दोनदा बोलावे लागले.

दर पानाला ४० रुपये पडला आणि त्यात दोन प्रुफे धरलेली होती. शहरात याहून स्वस्त काम करणारे अनेक आहेत. नोकरीचा अर्ज किंवा प्रकल्पाचा अहवाल यांसाठी तितका खर्च करण्याची गरज नाही. ज्याच्या लेखनात आजी, सालगडी, ऊसतोडीला निघालेली जोडपी किंवा मोंढ्यातले हमाल आपापल्या भाषेत बोलतात, त्याने मात्र हा पैसा आणि हा वेळ काढावा. संग्रह आता प्रकाशकाकडे गेला आहे आणि म्हातारीच्या कथेतले शेवटचे वाक्य त्यात मी लिहिले तसेच आहे. शेवटचे प्रूफ हातात देताना भाऊंनी तेच पान वर ठेवले होते आणि ‘मपलं’खाली माझी पेन्सिलीची टिंबे नव्हती, तिथे त्यांनी स्वतः दिलेली होती.

जाताना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहिलेले हस्तलिखित न्यावे, पानांना क्रमांक घालावेत आणि एक छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी. फोनवर काढलेले हस्तलिखिताचे फोटो ते स्वीकारत नाहीत. दुकान सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, पण खालून हाक मारली तर सूनबाई खाली येऊन कागद घेऊन जातात.