केएलएक्स ११० की सीआरएफ ११०एफ? इंजिन उघडून पाहिलं तर

आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. नऊ वर्षांच्या लेकीसाठी डर्ट बाइक घ्यायची, कावासाकीची केएलएक्स ११०आर की होंडाची सीआरएफ ११०एफ, एवढंच त्याने विचारलं. वरवर पाहिलं तर निवडायला काही नाहीच. दोन्ही ७६-७७ किलोच्या, एअर-कूल्ड, एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, चार गिअर, हाताला क्लच नाही, बटण स्टार्ट आणि जोडीला किक. सीसीसुद्धा जवळजवळ तेवढेच.

फरक सुरू होतो पिस्टनपासून. कावासाकीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ५३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली किती सरकतो) ५०.६. होंडाचा बोअर ५० आणि स्ट्रोक ५५.६. होंडाचे आकडे ओळखीचे वाटतील, कारण ५जीपर्यंतच्या ११० सीसी अ‍ॅक्टिव्हाचं मापही हेच. (म्हणून अ‍ॅक्टिव्हाचा पिस्टन यात घालायला जाऊ नका.) स्ट्रोक लांब असला की गाडी खालच्या आरपीएमलाही ओढते. गिअर पाडायला विसरणाऱ्या लहान मुलाला हे फार सोयीचं.

कावासाकीचा पिस्टन रुंद, माथ्याचं क्षेत्रफळ साधारण १२ टक्क्यांनी जास्त. हेडमध्ये व्हॉल्व्हला जागा मिळते, आणि स्ट्रोक आखूड असल्याने पिस्टनची धावपळ कमी. ८००० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला १३.५ मीटरच्या आसपास येतो, होंडाचा १४.८. म्हणून गाडीशी खेळणारे लोक केएलएक्सच्या मागे लागतात. ६० मिमीचा पिस्टन बसवून तिची १४३ सीसी करणारे पुष्कळ आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला त्याचं काय करायचंय, हा भाग वेगळा.

क्लचमध्ये दोघी बहिणी. क्रँकवर वेगाने उघडणारे शू (घर्षणाने पकडणारे पॅड), आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर प्लेटांचा दुसरा क्लच, जो पायाने गिअर टाकताना सुटतो. हिरो होंडा स्ट्रीट चालवलेल्यांना हे नवीन नाही. जुनी घेत असाल तर चढावर थ्रॉटल द्या. आवाज वाढून गाडी मागेच राहिली तर शू घासलेत. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) दोन्हीकडे स्क्रू आणि लॉकनटचे, फट मोजायची पत्ती म्हणजे फीलर गेज असला की घरी होतात.

खरा निकाल पेट्रोल कसं आत जातं यावर लागतो. केएलएक्सला अजून कार्बोरेटर आहे. सीआरएफला २०१९ पासून फ्युएल इंजेक्शन (सेन्सर आणि कॉम्प्युटर पेट्रोल मोजून फवारतात) आलं, त्याआधीची असेल तर तीही कार्बोरेटरचीच. तेव्हा सेकंडहँड घेताना आधी साल विचारा.

एका मित्राची केएलएक्स मुळशीच्या शेडमध्ये अख्खा पावसाळा टाकीत पेट्रोल ठेवून उभी होती. फ्लोट बाउल (कार्बोरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी) उघडला तर तळाला काकवीसारखा चिकट थर आणि जुन्या रोगणाचा वास. पायलट जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी स्क्रू) काढून ट्यूबलाइटसमोर धरला, पलीकडचा उजेड दिसेना. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घेऊन भोक मोकळं केलं, कार्ब क्लीनर मारला, दुसऱ्या किकला गाडी सुरू. तिथे सुई किंवा टाचणी घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग ट्यूनिंग कायमचं बिघडतं.

कार्बोरेटरमध्ये बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो आणि हाताने निघतो. इंजेक्शनमध्ये तो सहसा होत नाही, पण झाला तर पाना घेऊन बसण्यात अर्थ नाही. शिवाय आतेभाऊ उन्हाळ्यात टाहो सरोवराकडे जातो, ६००० फुटांवर. तिथे विरळ हवेत कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जास्त पिऊन गुदमरते, जेट बदलावा लागतो. इंजेक्शन आपलं आपण सांभाळून घेतं.

पुण्यात असता तर त्याला केएलएक्सच सांगितली असती, कारण ही होंडा इथे विकतच नाहीत. तिथे मात्र २०१९ नंतरची होंडा घे म्हटलं. यावर तो म्हणाला, लेकीला हिरवीच हवीय, म्हणजे कावासाकी. म्हटलं, मग फ्लोट बाउलचा ड्रेन स्क्रू कुठे असतो ते आधी बघून ठेव, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तो सोडून पेट्रोल काढून टाकत जा.