तीर्थन की लिद्दर? ट्राउटसाठी निघालेल्या नाशिककरांसाठी

गंगापूर धरणावर रोहू-कटल्यासाठी गळ टाकणाऱ्यांपैकी कुणाला तरी फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी (फ्लाय) टाकून मासे धरण्याचं, वेड लागतं आणि मग विचारणा सुरू होते: ट्राउटसाठी जायचं कुठे? ट्राउटला थंडगार, खळाळतं पाणी लागतं, त्यामुळे गोदा-दारणेत तो मिळायचा नाही. नदीकाठच्या लॉजवर राहून, गाईड घेऊन मासेमारी करायची तर माझ्या मते विचार दोन नद्यांचाच करावा. एक हिमाचलची तीर्थन, दुसरी काश्मीरची लिद्दर. पहिल्यांदा जात असाल तर तीर्थन, आणि कास्टिंगचा, म्हणजे लाइन फेकण्याचा, हात बसलेला असेल तर लिद्दर. लॉजच्या खोल्यांचे फोटो बघून ठरवू नका. फरक पाण्यात आहे.

गुशैणी-नागिणीच्या पट्ट्यात तीर्थन धोंड्यांमधून उड्या मारत येते. मोठ्या दगडामागे हातभर शांत पाणी असतं आणि ट्राउट तिथेच दबा धरून बसतो, कारण ताकद न घालवता धारेतून आलेलं खाणं त्याला आयतं टिपता येतं. इथे लांब फेक लागतच नाही. गाईड तुम्हाला गुडघाभर पाण्यात, दगडापासून दोन-तीन रॉडच्या अंतरावर उभं करतो. मणी लावलेला जड निम्फ (पाण्यात बुडणारी, अळीसारखी फ्लाय) दगडाच्या वरच्या अंगाला टाकायचा, रॉडचं टोक उंच धरायचं आणि लाइन पाण्याला न टेकवता निम्फबरोबर खाली आणायची. लाइन क्षणभर जरी अडली तरी रॉड उचलायचा. बहुतेकदा दगडच निघतो, पण दगड नसेल तेव्हा हाताला जे कळतं त्यासाठीच माणूस एवढ्या लांब येतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी मासा लागण्याची आशा असते ती अशा पाण्यात.

लिद्दर आरूच्या बाजूला अशीच अवखळ आहे, पण पहलगामच्या खाली तिचं पात्र पसरतं. तिथे ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, लांब टाकावी लागते आणि ती ओढली न जाता आपोआप वाहत यायला हवी. मधल्या जोरकस धारेनं लाइन ओढली की फ्लाय पाण्यावर रेघ मारत पळते आणि ब्राउन ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे जमायला सराव लागतो, चार दिवसांच्या सहलीत ते उरकत नाही. ज्याला जमतं त्याला मात्र काश्मीरसारखं पाणी नाही. कोकरनागकडची ब्रेंगी नदी तर झऱ्यांवर पोसलेली, काचेसारखी. शिवाय तिथे नदीचे ‘बीट’, म्हणजे आखून दिलेले पट्टे, पाडलेले आहेत. परवाना त्या बीटचा आणि त्या दिवसाचा मिळतो, त्यामुळे शेजारी गर्दी होत नाही. हे मासे मूळचे इथले नाहीत, हेही जाता जाता सांगतो. स्कॉटलंडहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरात १९०० साली तगली. आधीची खेप वाटेतच मेली होती.

आता सुट्ट्यांचं गणित, कारण नाशिककराचं घोडं इथेच अडतं. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचा बेत सगळे करतात आणि नेमकं तेव्हा बर्फ वितळून दोन्ही नद्या फुगू लागतात. लिद्दरला कोलाहोई हिमनदीचं पाणी येतं, त्यामुळे जूनमध्ये तिथे जोर जास्त. मग पावसाळा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहलगामला अमरनाथ यात्रेची गर्दी. दिवाळीत जाऊ म्हणाल तर काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर, आणि हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. कंपनीत नोकरी असेल तर दसऱ्याला जोडून रजा टाका आणि तीर्थन गाठा, पाणी निवळलेलं असतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागाईतदारांना ऑक्टोबर जमायचा नाही, गोडी छाटणी डोक्यावर असते. त्यांना मार्चच सोयीचा. माल बराचसा निघालेला असतो, एप्रिलची खरड छाटणी अजून दूर असते आणि तीर्थनचा हंगाम नुकताच उघडलेला असतो. पाणी मात्र हाडं गोठवणारं, वेडर्सशिवाय (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीशिवाय) उतरू नका.

पोहोचायला तीर्थन सोपी आहे. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस धरायची, औटला उतरायचं आणि पुढे टॅक्सीनं बंजारमार्गे गुशैणी. पहलगाम श्रीनगरहून नव्वदेक किलोमीटर. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर घरचे काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. त्यांची समजूत काढण्यात अर्धा उत्साह जाणार असेल, तर पहिली सहल तरी तिथली नको, असं मी म्हणेन. बरोबरच्यांना मासेमारीत रस नसला तरी दोन्हीकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

लॉजला फोन कराल तेव्हा भाड्याआधी गाईडची चौकशी करा. तो स्वतः फ्लाय टाकतो की स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष? एका गाईडमागे किती जण? परवाना तुमच्या नावानं काढून देणार का? ‘हो साहेब, सगळं होतं’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. काही ठिकाणी गाईड म्हणजे स्पिनिंग रॉड घेऊन सोबत चालणारा गावातला मुलगा असतो. तो नदी ओळखतो, पण कास्टिंग शिकवू शकत नाही. त्यापेक्षा कमी सजवलेली खोली आणि तुमच्या मनगटावर लक्ष ठेवणारा माणूस केव्हाही परवडला. धरलेला मासा सोडून द्यायचा असेल तर बिनकाट्याचे (टोकाला उलटा काटा नसलेले) गळ आहेत का तेही विचारा, आणि माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग दगावू शकतो.

रॉड पहिल्या वेळी विकत घेऊ नका, लॉजचाच वापरा. ओळखीत कुणाकडे असेल तर नऊ फुटी, पाच नंबरचा (मध्यम वजनाच्या लाइनचा) रॉड आठवडाभर मागून आणा आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेकायचा सराव करा. फिरायला आलेले आजोबा ‘इथे कुठला मासा?’ विचारतील, त्यांना उत्तर तयार ठेवा. बूट मात्र स्वतःच्या मापाचे न्या. शेवाळलेल्या दगडांवर साध्या स्पोर्ट्स शूजचा काही उपयोग नाही, नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्याचे वेडिंग बूट हवेत. तुमच्या मापाचे लॉजकडे आहेत का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.