म्हापशातली अ‍ॅडमिशन कन्सल्टन्सी: कागद तपासायला जा, केबिनमध्ये नको

२०२४ ला मुलीची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा होती, शेजारणीने सांगितलं म्हणून म्हापशातल्या एका अ‍ॅडमिशन कन्सल्टन्सीत गेलो, फी १५ हजार, तीही सगळी आधीच भरायची.

आधी चांगलं सांगते. काउंटरवरची मुलगी कामात चोख. मामलेदाराचं रेसिडेन्स सर्टिफिकेट, ओबीसीचं नॉन क्रिमी लेयर, बारावीची मार्कशीट, एकेक कागद उलटून बघितला आणि क्रिमी लेयरची तारीख संपत आलीय हे तिनेच दाखवलं, नाहीतर आम्ही पर्वरीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसातून हात हलवत परत आलो असतो.

मग सरांची केबिन. त्या वर्षीचा गोंधळ आठवत असेलच, ४ जूनला निकाल, ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग १५६३ जणांचे ग्रेस मार्क रद्द करून त्यांना परत परीक्षेची संधी, आणि फिजिक्सच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं चालवली ती सुप्रीम कोर्टात आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच बरोबर म्हटल्यावर एकावर आली. माझ्या मुलीने मावसभावाचं एनसीईआरटीचं जुनं पुस्तक वाचलेलं, त्यातलंच, म्हणजे नंतर चूक ठरलेलं उत्तर दिलं, त्यामुळे मिळालेले ४ गेले आणि वर १ निगेटिव्ह. रँक कुठच्या कुठे गेली. पोर आधीच खचलेली आणि तिच्यासमोर हे सर म्हणतात, मेरिट लिस्ट दाखवायला असते हो, आतून सगळं ठरलेलं असतं, बाहेरच्या राज्यात डीम्ड कॉलेजला, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजला, आपला माणूस आहे, वर किती लागतील ते नंतर बोलू.

घरी येऊन रात्री ती मला म्हणाली, आई मग मी दोन वर्षं अभ्यास कशाला केला? मला काय उत्तर द्यावं तेच कळेना. याच गोष्टीचा मला सगळ्यात राग आहे, पैशांपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी मिस्टर आणि मी कॉम्प्युटरवर बसून सगळं वाचून काढलं. डीम्ड कॉलेजच्या एमबीबीएस सीटसुद्धा एमसीसी या केंद्र सरकारच्या कमिटीच्या ऑनलाइन काउन्सेलिंगमधूनच भरतात, रँकने! मग तो आपला माणूस करणार काय? गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, १५ टक्के सीट ऑल इंडिया कोट्यात जातात तेही तेव्हाच कळलं, सरांनी हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीच्या शेवटच्या रँक काढल्या, मुलीला शेजारी बसवून दाखवल्या, सारखे मार्क असतील तर आधी बायोलॉजीचे बघतात हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

गोमेकॉ थोडक्यात हुकलं. बीडीएस, म्हणजे डेंटल मिळालं, बांबोळीलाच. मेरिट लिस्ट बघून ती रडली पण आपल्या पुढे कोण आणि का हे तिला दिसत होतं, त्या लिस्टवर तिचा राग नाही. त्या ५ मार्कांवर मात्र अजून आहे आणि मला तो बरोबरच वाटतो, पुस्तकात छापलेलं लिहिलं होतं तिने.

पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. दोन स्टार देतेय ते काउंटरवरच्या मुलीसाठी. तिच्या कामाची वेगळी फी ठेवली तर लोक आनंदाने देतील. आणि जाणारच असाल तर केबिनमध्ये मुलांना नेऊ नका.