गरोदरपणातल्या बीपीसाठी घरपोच पॅकेज: सोय चांगली, लिपिड फुकाचं

बीपी वाढलेल्या गरोदर बाईला डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला सांगितली की मुंबईत आता घरचे सरळ ॲपवरून पॅकेज मागवतात. सातव्या-आठव्या महिन्यात लोकलचे जिने चुकतात, ही सोय खरीच. घोळ आहे तो पॅकेजात काय घातलंय यात.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरे) तपासणी, त्यात हमखास असतं. रिपोर्ट उघडावा तर कोलेस्टेरॉल २६०, ट्रायग्लिसराइड २८०, दोन्हींपुढे ठळक 'हाय'. घरात घबराट, लगेच तूप बंद. पण शेजारी छापलेल्या २०० आणि १५० या मर्यादा गरोदर नसलेल्यांच्या असतात. दिवस भरत येतात तसे ट्रायग्लिसराइड एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतात. इस्ट्रोजेनमुळे यकृत चरबी जास्त बनवतं, ती बाळाच्या वाढीसाठीच. प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर ताण येतो तो आजार) ट्रायग्लिसराइड त्याहूनही वर जातात, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) बऱ्याचदा घसरतं, पण निदान या आकड्यांवर होत नाही. ते होतं बीपी १४०/९० किंवा वर आणि लघवीतून जाणारं प्रोटीन, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांवर. या चार तपासण्या पॅकेजात नसतील तर ते घेऊ नये, कितीही सवलत असो.

एलडीएलचा ('वाईट' कोलेस्टेरॉल) आकडा तर पारखूनच घ्यावा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. कोलेस्टेरॉल २८०, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड ४२० असेल तर २८० - ५० - ८४ = १४६. रिपोर्टवर नेमका हाच आकडा असेल तर एलडीएल मोजलेलं नाही, सूत्रातून काढलंय, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते सूत्र चालत नाही. 'डायरेक्ट एलडीएल' आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावं.

उपाशीपोटीचा हट्टही नको. रात्री ९ ला जेवलेल्या बाईला सकाळी ७ चा स्लॉट देऊन माणूस साडेनऊला उगवला, तर साडेबारा तास उपास घडतो. गरोदर बाईला तो बरा नाही. खाऊन दिलेल्या रक्तावरही लिपिड पाहता येतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा करावं. ५०० च्या वर असतील तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण ते आणखी चढले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

खरी गोम वाहतुकीत. पिवळ्या टोपीची नळी साधारण अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यावं लागतं. ती लगेच पेटीत टाकून बाईकवरून खड्ड्यांतून नेली की लाल पेशी फुटतात आणि एलडीएच, एसजीओटी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्यं) खोटे वाढतात. हेल्प सिंड्रोम (प्री-एक्लॅम्प्सियाचं गंभीर रूप: लाल पेशी फुटतात, यकृत बिघडतं, प्लेटलेट घटतात) ओळखायला नेमक्या याच तपासण्या लागतात. रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा दिसला तर नमुना पुन्हा द्या. चांगली लॅब जास्तीचे पैसे मागत नाही.

बीपी १६०/११० किंवा वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं यातलं काहीही असेल तर घरपोच स्लॉटची वाट पाहू नका, थेट प्रसूतिगृह गाठा.

लिपिडसाठी राखलेले पैसे बाळंतपणानंतर वापरा. साधारण तीन महिन्यांनी केलेलं प्रोफाइल खरं चित्र दाखवतं, आणि प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असल्याने तेव्हा ते करायलाच हवं.